चिचुंद्रीची घंटी आणि अडलेली वाट

एक होती चिचुंद्री. एवढीशी. तिची सायकलही एवढीशी. घंटी मात्र ही मोठी! ट्रिंग ट्रिंग वाजली की लोक बाजूला व्हायचे. घंटी नाही वाजली, तर चिचुंद्री कुणाला दिसायचीच नाही. मग चाकाखालीच जायची की हो!

एकदा ती निघाली. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. चौकात हवालदारमामांची शिट्टी. फुर्रर्र!

"मोठ्या रस्त्यातून चाललीस? सायकलची वाट ती तिकडे!" मामांनी घंटीच काढून घेतली. "त्या वाटेने ये, मग देतो."

चिचुंद्री गेली. वाटेत मोटार! ऐसपैस पसरलेली.

"मोटारबाई, मोटारबाई,
मामा घंटी देत नाहीत.
वाट सोडता का?"

"मी नाही जा! माझ्या जागेवर खडी पडलीय."

चिचुंद्री खडीकडे गेली. खुडुक खुडुक.

"खडीताई, खडीताई,
मोटार वाट सोडत नाही,
मामा घंटी देत नाहीत.
सरकता का?"

"मी नाही जा! मुकादम उचलेल तेव्हा."

चिचुंद्री मुकादमाकडे गेली. खुडुक खुडुक.

"मुकादमदादा, मुकादमदादा,
खडी सरकत नाही,
मोटार वाट सोडत नाही,
मामा घंटी देत नाहीत.
खडी उचलता का?"

"मी नाही जा! साहेब सांगतील तेव्हा."

चिचुंद्री साहेबांकडे गेली. खुडुक खुडुक. पाय दुखले बिचारीचे.

"साहेब, साहेब,
मुकादम खडी उचलत नाही,
खडी सरकत नाही,
मोटार वाट सोडत नाही,
मामा घंटी देत नाहीत.
मुकादमाला सांगता का?"

साहेबांनी नकाशा पाहिला. "मी नाही जा! नकाशात वाट मोकळी आहे. ही बघ, हिरवीगार!"

अस्सा राग आला चिचुंद्रीला! "मोकळी? मग घ्या माझी सायकल. जाऊन दाखवा!"

साहेब बसले. गुडघे कानाला लागले. खुडुक खुडुक, खुडुक... धडाम! मोटारीवरच आपटले.

"आई गं! माझं नाक!"

साहेब मुकादमावर ओरडले.
मुकादमाने खडी उचलली. खर्र खर्र.
खडी सरकली.
मोटारीने वाट सोडली. भुर्रर्र.
चिचुंद्री वाटेने आली. खुडुक खुडुक.
मामांनी घंटी दिली.

मामा म्हणाले, "आता कशी शहाण्यासारखी आलीस!"

"शहाणी मी मघाशीही होते, मामा. वाटच नव्हती!"

मामांनी शिट्टी पुसली. मोटारीने काच वर केली. खडी ढिगात सरकून बसली. मुकादमाने हात झटकले. साहेब नाक चोळत बसले.

'आमचं चुकलं' म्हणालं का कुणी? छे! कुणी म्हणजे कुणी नाही.