मागून चालणारी माणसं

“...म्हंजी गाडी चुकीची हाय, हे अक्काला कळलं होतं?”

“कळलं असणार,” काझीसर म्हणाले. “रोजचा रस्ता होता तिचा.”

“तरी ती चढली?”

“पोरगी चढली. म्हणून ती चढली.”

तिम्मा ओट्याखाली उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. खाणीतून तसाच उठून आला होता. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, डोळे लालभडक. बहिणीचं दिवसकार्य नुकतंच झालं होतं. आई गेल्यापासून त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ही अक्का, दुर्गा. त्याला भाकरी वाढणारी तीच, आणि तिसरीतून शाळा सोडली म्हणून जन्मभर कान पिळणारीही तीच.

काझीसर भिंतीला टेकून बसले होते. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात त्यांची संस्था चालायची. पालावरची, भट्टीवरची, खाणीवरची पोरं बारावी झाली की इथं यायची. त्यांचे अर्ज, मुलाखती, वसतिगृह, सगळं बघून संस्थेची माणसं त्यांना शहरातल्या चांगल्या कॉलेजच्या दारापर्यंत सोबत करायची. या माणसांना पाठराखे म्हणत. नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसे.

त्यांची एक रीत होती. शहराकडं पहिल्यांदा निघताना पोरानं पुढं चालायचं. गाडी त्यानंच शोधायची, रस्ता त्यानंच विचारायचा. पाठराख्यानं मागून चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. पोरानं हाक मारली तरच जवळ जायचं.

दुर्गासुद्धा कधीकाळी अशीच पुढं चालत गेली होती. शिकून परत आली आणि मागून चालू लागली.

“ही रीत कुणी काढली?” तिम्माने विचारलं.

“मी.”

“मग तुमच्या रीतीनं माझी बहीण मारली.”

काझीसरांनी मान डोलावली.

“एका शब्दाचं काम होतं, सर. ‘अगं ही न्हवं, ती गाडी.’ येवढंच म्हणायचं होतं तिनं. व्हय का न्हाई?”

“येवढंच.”

“मग का म्हणाली न्हाई?”

“तेच विचारायचं राहिलंय,” काझीसर म्हणाले. “तिला.”

आतून मोहोळकरबाई घाईघाईने बाहेर आल्या. गावातल्या वकील, संस्थेच्या विश्वस्त. तिम्माकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

“सर, मी माझी गाडी आणलीय. कॉलेजनं रेश्माला मुलाखतीला पुन्हा बोलावलंय ते आजच. आज चुकलं तर जागा गेली. आणि पोरगी जागची हलत नाही. मी तिला हाताला धरून नेणार, अगदी आतपर्यंत. तुमची रीत गेली खड्ड्यात.”

“न्या,” काझीसर म्हणाले.

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या.

“खरंच नेऊ?”

“आली तर न्या.”

तिम्माच्या कानात ते नाव अडकलं होतं. रेश्मा. त्याने ओट्यावर पाय ठेवला.

“तीच का ती?”

बाईंनी आता कुठं त्याच्याकडं पाहिलं.

“भायेर बोलवा तिला.”

“तिम्मा, अरे लेकरू आहे ते,” बाई म्हणाल्या. “तुझं दुःख कळतंय आम्हाला, पण—”

“न्हाई कळत. बोलवा म्हणलं न्हवं?”

“बोलवायला नको,” काझीसर म्हणाले. “दारात उभी आहे.”

बारीक अंगाची पोरगी. इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. ती ओटा उतरून थेट तिम्मासमोर आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

“मारायचं तर मारा, दादा.”

तिम्माचा हात उचलला गेला होता. तो तसाच राहिला.

“गाडी मीच थांबवायला लावली,” ती म्हणाली.

“...म्हंजी?”

“जीप भलत्याच रस्त्याला लागली. मला उमगलं, पर तोंड उघडंना. मोठी मोठी माणसं बसलेली. आमच्या लोकांनी गाडीत कधी आवाज काढलाय व्हय? मी मागं बघितलं. मला वाटलं ताई सांगतील. तर ताई नुसत्या हसल्या. मग मी वरडले, थांबवा म्हणून. जल्मात पयल्यांदा वरडले. गाडी थांबली. मी उतरले, टपरीवर रस्ता विचारला.”

“अन् अक्का?”

“जीपमधीच. मी हाक मारली की उतरणार हुत्या. मी हाक मारायला वळले... अन् मागनं ट्रक आला, थेट जीपवर.”

गोदामाच्या पत्र्यावर पारवे घुमत होते.

“हसली म्हणालीस?” तिम्माने विचारलं.

“व्हय.”

“कशी?”

रेश्माला काय सांगावं कळेना. तिने ओढणीचं टोक उचललं आणि तोंडापुढं धरलं. नुसते डोळे दिसत राहिले.

तिम्मा बघत राहिला...

दुर्गाचा पुढचा दात तिरका होता. ती कधी मोकळं हसायची नाही. फार म्हणजे फारच आनंद झाला, आवरेनाच, तर पदर असा तोंडाशी धरायची. तिम्माने एका घावात पहिला दगड सरळ उभा फोडला, त्या दिवशी ती अशी हसली होती. त्यानंतर त्याने ते हसू पुन्हा पाहिलं नव्हतं.

चुकीच्या गाडीत बसून, चुकीच्या रस्त्यावर, ती अशी हसली होती.

त्याचा हात आपोआप खाली आला.

मोहोळकरबाईंनी रेश्माचा हात धरला. “चल बाळा. गाडीत बस. मी आहे ना.”

रेश्मा हलली नाही. बाईंनी ओढलं, तरी नाही.

तिम्मा पोरीच्या समोरून बाजूला झाला. तिला वळसा घालून मागे गेला, थोडं अंतर सोडून उभा राहिला. हात पाठीमागे बांधले.

बाईंनी काझीसरांकडं पाहिलं. काझीसर उठून उभे राहिले होते.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “हात सोडा तिचा.”

बाईंनी हात सोडला.

रेश्माने एक पाऊल टाकलं. मोहोळकरबाईंच्या गाडीचं दार उघडंच होतं. ती तिथं थांबली, आत बघितलं, आणि गाडीला वळसा घालून फाटकाकडं चालू लागली. एसटी स्टँडवर जायला.

तिम्मा मागून निघाला.

फाटकापाशी रस्ता दोन्हीकडं जात होता. रेश्मा डावीकडं वळली. स्टँड उजवीकडं होतं. तिम्माचं तोंड उघडलं. त्याने काझीसरांकडं पाहिलं. काझीसरांचेही ओठ हलले होते. दोघांनी तोंड मिटलं.

रेश्मा थोडी पुढं जाऊन अडखळली. सायकलवरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने थांबवलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याने हात लांब करून दाखवलं. ती परत फिरली, फाटकासमोरून उजवीकडं निघाली. तिम्मा बाजूला सरला, तिला पुढं जाऊ दिलं, पुन्हा मागं लागला.

तिने वळून त्याच्याकडं पाहिलं. दोन पावलं टाकली, पुन्हा पाहिलं. पाय तिथंच थबकले.

काझीसर अनवाणीच फाटकात आले.

“पुढं बघून चाल, रेश्मा. मागं दोघं आहेत.”