सूर्याने न पाहिलेली सप्तमी

गाव कोणते, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. नदीकाठचे होते एवढे आठवते. तेही कदाचित दुसऱ्याच गोष्टीतले असेल. त्या गावात गिरिजा नावाची एक प्रोग्रामर राहत होती.

तिने गावासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. घरातल्या गेलेल्या माणसाची श्राद्धाची तिथी त्यात घातली, की दरवर्षी त्या दिवशी सकाळी फोनवर निरोप येई. दिवसाच्या प्रत्येक घटकेला कोणती तिथी आहे, हे तो प्रोग्राम तपासे. त्यामुळे वर्षभराचे निरोप तयार व्हायला अख्खी दुपार लागे.

तिचा धाकटा भाऊ निरंजन कंटाळला. "ताई, दर घटकेला कशाला विचारतेस? सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. सगळं जग असंच धरतं. एकदाच विचार."

गिरिजा घुटमळली, पण तिलाही घाई होतीच. तिने तसे केले. वर्षाचे काम चहा गाळून होईपर्यंत झाले.

त्याच आळीत तात्या राहत. दृष्टी गेलेली, घरात एकटे. पत्नी अंबूताई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिची तिथी माघ वद्य सप्तमी. त्या दिवशी ते शेजारणीकडून खीर करून घेत, पाट मांडत आणि वाढलेल्या पानासमोर बसून अंबूताईंशी बोलत. एरवी बोलत नसत. "रोज बोललो तर म्हणेल, म्हातारा इथेही निवांत बसू देत नाही," असे ते म्हणत.

त्या वर्षी माघ सरत आला. तात्या फोन उशाशी घेऊन वाट पाहू लागले. षष्ठीचा निरोप पलीकडच्या घरी आला. दुसऱ्याच सकाळी अष्टमीचा निरोप कोपऱ्यावरच्या घरी आला. तात्यांचा फोन वाजलाच नाही.

ते काठी टेकत गिरिजाकडे आले. "काय गं पोरी, तुझ्या यंत्राचं आणि आमच्या हिचं भांडण झालं का? सगळ्यांना बोलावलं, हिला तेवढं वगळलं!"

गिरिजाने तपासले. त्या वर्षीची सप्तमी क्षयतिथी होती. एका सूर्योदयानंतर लागली, दुसऱ्याच्या आधी संपली. सूर्योदयालाच विचारणाऱ्याला ती दिसणार नव्हती.

"तात्या, ती काल होऊन गेली."

तात्यांनी काठी चाचपून हातात घेतली. मग म्हणाले, "असू दे. वर्षभर थांबेन. सवय आहे."

ते गेल्यावर निरंजन हळूच म्हणाला, "एवढी एक तिथी हातानं घालू. बाकी राहू दे, किती झरझर चाललंय!"

"आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची लपली तर? त्याच्या दारात तू जाशील सांगायला?"

 गिरिजाने प्रोग्राम पूर्वीसारखा केला. पुन्हा अख्खी दुपार लागू लागली.

पुढच्या माघात तात्यांचा फोन वाजला. त्यांनी पानात खीर दोनदा वाढायला लावली. "गेल्या वर्षी उपाशी राहिलीस," ते म्हणाले.

मी हे नीट ऐकले होते का, अशी शंका मला कायम येई. म्हणून बऱ्याच वर्षांनी मी स्वतः त्या सप्तमीचे गणित मांडले, पुन्हापुन्हा तपासले. उजाडल्यावर थोड्याच वेळात ती लागली होती आणि पुढची पहाट होता होता सरली होती. म्हणजे तो सबंध दिवस तिचाच होता, आणि तात्या सबंध दिवस घरीच होते.

तात्पर्य: काम लवकर उरकावे म्हणून तपासणी तोकडी करू नये, आपला वाचलेला वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट पाहण्यात जातो.