खुरांखालची ओल

फार पूर्वी एका कोरड्या नदीच्या पात्रात गाढवांचा कळप राहत होता. दर उन्हाळ्यात पुढारी निवडताना भुऱ्या गाढव म्हणायचा, "वरच्या अंगाला चला, तिथे पाणी आहे." काळ्या म्हणायचा, "छे, खालच्या अंगाला!" आळीपाळीने दोघेही निवडून आले. कळपाची पायपीट झाली, पाणी काही मिळालं नाही. बातम्या सांगणारी साळुंकी मात्र रोज बाभळीवरून ओरडायची, "आज काळ्याने भुऱ्याची जिरवली हो!" पाण्याचं नाव तिच्या तोंडी कधी येत नसे.

भाषण आवडलं की वाळूत खूर आपटायचे, अशी कळपाची रीत होती. म्हातारी बायजा गाढवीण आजवर दोघांसाठीही आपटत आली होती. यंदा भाषणं संपली, तरी ती संतापाने आपटतच राहिली. "मेल्यांनो, तुमचं ऐकून ऐकून घसा सुकला माझा!"

तेवढ्यात तिच्या खुराला गार लागलं. वाळू ओली होती. ती उकरू लागली, शेजारणीही आल्या आणि गुडघाभर खाली पाणी झिरपू लागलं.

साळुंकीने विचारलं, "बायजाबाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"आधी खाली ये आणि पाणी पी. ओरडून चोच सुकलीय तुझी."

साळुंकी खाली उतरली आणि पोटभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी ती नदीच्या वळणावळणावर सांगत सुटली, "वाळू उकरा, खाली पाणी आहे!"

भुऱ्या आणि काळ्या अजून भाषणं करतच होते. पण आता आपटायला कुणाचे खूर मोकळे नव्हते.