वेशीला टांगलेली वेल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा वेली बोलत आणि राजे ऐकत. हल्ली दोघांनीही ते सोडून दिलंय.

एका राजाला मांडवाचा भारी शौक. नगरातल्या प्रत्येक वेलीनं त्याच्याच मांडवावर चढायचं, असा त्याचा हुकूम. दोडका, पडवळ, कारली निमूट चढली. त्यांच्याच भावकीतली एक रानवेल मात्र कुंपणाच्या बाभळीवर चढली. जमिनीखाली तिचा गड्डा होता, चांगला रांजणाएवढा. खोटं वाटतं? बरं, घागरीएवढा धरा.

राजा गरजला, "कुणाला विचारून चढलीस गं?"

"बाभळीला," वेल म्हणाली. "ती हो म्हणाली. तुमचं काय गेलं?"

झालं! हुकूम मोडणारी वेल उपटून वेशीला टांगायची आणि माफी मागितली तरच पुन्हा मातीत लावायची, अशी तिथली रीत. रानवेल गड्ड्यासकट दोराला लटकली. ना माती, ना पाण्याचा थेंब.

म्हातारा माळी रोज खालून विनवायचा, "बाई गं, एकदा 'चुकले' म्हण. लगेच लावतो तुला. मरशील अशानं."

"मरेन तेव्हा मरेन, माळीबाबा. चुकलेच नाही, तर म्हणू कशाला?"

तिची पानं गळली. राजा खूश झाला.

मग चैत्र आला. मांडवावरच्या वेली वाळून कोळ झाल्या, आणि टांगलेल्या गड्ड्याला हिरवागार कोंब फुटला!

"चोरून पाणी घालतोस?" राजानं माळ्याची मानगूट धरली.

"म्हाताऱ्याला सोडा!" वेल वरून ओरडली. "पावसाळ्यात बाकीच्या तुमचा मांडव सजवत होत्या, तेव्हा मी पोटात पाणी साठवत होते. त्यावर जगतेय. तुमचं काही खाल्लं नाही, म्हणून तुम्हाला घाबरतही नाही."

"माफी मागणार नाहीस?"

"नाही."

राजाचा तोल सुटला. तलवार उपसून त्यानं दोरच छाटला. गड्डा धप्पकन खालच्या भुसभुशीत मातीत पडला आणि रुतून बसला.

"उपकार झाले, महाराज," वेल म्हणाली. "स्वतःच्या हातानं लावलंत, तेही माफीवाचून!"

सगळी वेस हसत सुटली. राजानं वेल उपटायला सांगितलं, पण हसून हसून शिपायांचे हातच चालेनात. पुढच्या पावसाळ्यात वेल वेशीवर चढली, ती कुणालाही न विचारता. ती वेशीवर होती तेवढे दिवस राजा नगराच्या मागच्या दारानं ये-जा करायचा म्हणतात.

तात्पर्य: ज्याची शिदोरी त्याच्याच पोटात, त्याची मान कुणाला वाकवता येत नाही.