ठिकरीला कडेवर कोण घेणार?

दूर दूर, जिथे ऊनसुद्धा दमून पोचतं, तिथे एक बर्फाचा गोळा फुटला. फटाक! त्यातून उडाली एक ठिकरी. इवलीशी!

गोळा कुठे गेला, कोण जाणे. ठिकरी एकटीच राहिली. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र, नुसती धावत सुटली. थांबताच येईना बिचारीला!

वाटेत दिसली निळूमावशी. निळा निळा ग्रह, केवढा थोरला! मावशी ताठ उभी होती. तिच्याभोवती चंद्र खेळत होते. ठिकरीला फार फार वाटलं, आपणही इथेच राहावं.

"मावशी मावशी, मला कडेवर घे ना!"

"घेईन की गं राणी! पण किती धावतेस! हाताला कशी लागशील? जा, धुक्याला सांग अडवायला."

सुर्र सुर्र! ठिकरी गेली धुक्याकडे.

"धुक्या धुक्या, मला अडव ना!
मावशी कडेवर घेईना!"

"अडवीन की! पण मी इथे, मावशी तिथे. जा, गुरुआजोबांना सांग मला ढकलायला."

सुर्र सुर्र! गुरुआजोबा म्हणजे सगळ्यांत जाडजूड ग्रह.

"आजोबा आजोबा, धुक्याला ढकला ना!
धुकं अडवीना,
मावशी कडेवर घेईना!"

"ढकलीन की! पण हा शनी बसलाय ना वाटेत पसरून! जा, त्याला सांग सरकायला."

सुर्र सुर्र! शनिकाका आपली कडी सांभाळत बसले होते.

"काका काका, सरका ना!
गुरू ढकलेना,
धुकं अडवीना,
मावशी कडेवर घेईना!"

"सरकेन की! पण बसून बसून अंग आखडलंय गं. जा, धोंडूदादाला सांग धक्का द्यायला."

सुर्र सुर्र! धोंडूदादा म्हणजे डोंगराएवढा दगड. पडला होता घोरत. घुर्र, घुर्र!

"दादा दादा, धक्का दे ना!
शनी सरकेना,
गुरू ढकलेना,
धुकं अडवीना,
मावशी कडेवर घेईना!"

"देईन की... पण झोप येतेय गं. आधी कुणालातरी सांग मला उठवायला."

"कुणाला सांगू?"

"मला काय ठाऊक? घुर्र!"

ठिकरीनं पुढे पाहिलं. पुढे कुणीच नव्हतं. नुसता काळोख! ठिकरीनं भोकाडच पसरलं.

"मला कडेवर जायचंय! मला कडेवर जायचंय!"

डोळे मिटून रडली, डोळे मिटून धावली, आणि धोंडूदादाच्या नाकावरच आपटली. टुक!

"आई गं!" धोंडूदादा जागा झाला. ठिकरी त्याच्या नाकावरून उडाली आणि उलटी मावशीकडे सुटली.

मग काय विचारता!
धोंड्यानं धक्का दिला. धाड!
शनी कलला, शनी सरकला. घसर्र!
गुरूनं धुक्याला ढकललं, थेट मावशीपाशी. ढुश्श!
धुक्यानं ठिकरीला अडवलं. फुस्स!

सुर्र सुर्र... सुर् सुर्... सुर्... ठिकरी हळू झाली.

निळूमावशी वाकली. तिनं ठिकरीला उचललं आणि घेतलं कडेवर. अश्शी!

ठिकरी मावशीभोवती फिरू लागली. सगळे चंद्र इकडून तिकडे, तर ही तिकडून इकडे!

"अगं बाई, ही उलटीच फिरते!" चंद्र हसायला लागले.

"फिरू दे," मावशी म्हणाली. "तिला तसंच जमतं."

ठिकरीनं मावशीकडे निरखून पाहिलं.

"मावशी, तू वाकडी झालीस?"

"कडेवर पोर घेतलं की कंबर कलतेच गं."

"मग हो ना सरळ."

"नको गं बाई. सरळ झाले तर तू घसरशील."

मावशी अजून तशीच कललेली आहे.