श्वानकुंडातली कुत्री

शाल्मली नगरावर दृढवर्मा राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व दोर वळणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. वेशीबाहेर, अंबाडी कुजत घालायच्या डबक्याशेजारी त्याचे घर होते आणि घरात त्याची बायको पाटला. दोघे मिळून दोर वळीत. एक टोक ती धरून उभी राही, दुसऱ्या टोकाला पीळ देत तो मागे मागे सरकत जाई. बोलणे दोघांचेही बेताचेच.

राजाने उत्तरेच्या डोंगरांतून कुत्रे आणवले होते. राखेच्या रंगाचे, रुंद जबड्याचे, वासराएवढे उंच. डोंगरातले लोक बिबट्यापासून मेंढरे राखायला ते पाळत. राजाने ते माणसे मारायला पाळले. नगराच्या मधोमध त्याने एक खोल खड्डा खणवला, भोवती दगडी पायऱ्या बांधल्या आणि त्याला श्वानकुंड हे नाव दिले. ज्याला देहदंड होई त्याला त्या कुंडात सोडीत आणि उपाशी ठेवलेले कुत्रे त्याच्या अंगावर घालीत. पायऱ्यांवर लोक दाटीवाटीने बसत. कुत्र्यांचा रखवालदार भल्लाट हात उंचावून ‘हाऽऽ’ अशी आरोळी ठोकी, सगळे लोक ती उचलून धरीत, आणि त्या आरोळीसरशी कुत्रे धावत.

पाटलाचा धाकटा भाऊ नंदिक तिथेच मेला. राजाच्या राखीव वनात त्याने एक हरिण मारले होते. त्या दिवशी पाटला कुंडाकडे गेली नाही. दार लावून घरात बसून राहिली. पण आरोळी वेशीबाहेरपर्यंत आली. ती थांबली तेव्हा सगळे संपले हे तिला कळले. पुढे कित्येक वर्षे, बाजारात माणसे एकदम मोठ्याने हसली तरी तिच्या हातातली वस्तू गळून पडे.

कालांतराने दृढवर्मा मेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याला कुंडाची किळस होती. ते बुजवावे आणि त्यातले सगळे कुत्रे मारून टाकावेत, असा हुकूम त्याने दिला. लोकांना आनंद झाला. ती जातच नरभक्षक, तिचे बीज उरता कामा नये, असे जो तो म्हणू लागला. पायऱ्यांवर पुढची जागा धरून बसणारे तर सगळ्यात मोठ्याने म्हणू लागले.

मेलेले कुत्रे ओढून न्यायला दोर लागणार होते. ते घेऊन सोमिल कुंडावर गेला तेव्हा शिपायांचे काम संपत आले होते. एका कोपऱ्यात एक तरणी कुत्री भिंतीला पाठ टेकून उभी होती. तिच्या गळ्यातली साखळी मांसात रुतली होती. ती भुंकत नव्हती, गुरगुरतही नव्हती. भाला उगारला की डोळे मिटून घेई, आणि भाला पडला नाही की पुन्हा उघडी.

“ही मला द्या,” सोमिल म्हणाला.

भल्लाट हसला. “हिनं माणसं फाडलीत, माहीत आहे ना?”

“तुम्ही तिच्यापुढं घातलीत म्हणून.”

राजाचा दंडनायक जवळच उभा होता. सकाळपासून चाललेल्या त्या कामाने त्याच्या चेहऱ्यावर शीण आला होता. त्याने विचारले, “घेऊन काय करणार तू?”

“कायमची ठेवणार नाही, स्वामी. हिवाळा सरला की डोंगरातले मेंढपाळ लोकर विकायला खाली उतरतात. या कुत्र्यांना कसं वागवायचं ते त्यांना ठाऊक आहे. तोवर सांभाळतो, मग त्यांच्या हवाली करतो.”

“आणि तोवर कुणाला चावली तर?”

“तर मी स्वतः येऊन सांगेन.”

दंडनायकाने मान हलवली. भल्लाट मात्र बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे पाहत राहिला. त्याच्या हातचे सगळे कुत्रे पिसाळलेले जन्माला आले होते, असे तो सगळीकडे सांगत होता. त्यातला एक जरी शहाणा निघाला, तर त्याला सांगण्यासारखे काही उरणार नव्हते.

पाटला अंगणात कुजलेल्या अंबाडीचा वाक सोलत होती. नवऱ्याच्या मागून कोण येते आहे ते तिने पाहिले आणि ती उठून उभी राहिली.

“ही तिथलीच का?”

“हो.”

“माझ्या नंदिकवर घातली होती त्यातली?”

सोमिल म्हणाला, “तेव्हा ही जन्मली नसेल. पण हिची आई असेल. हिनंही दुसऱ्या कुणाचा नंदिक मारला असेल.”

“आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगता?”

“खोटं काय सांगू? तू म्हणशील तर हिला घेऊन मी डबक्यापलीकडं खोपट घालून राहतो. परत मात्र नेणार नाही.”

पाटला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मुसळ होते. ते तिने त्या दिवसापासून खाली ठेवले नाही. पाण्याला जाताना, झाडताना, जेवतानाही मुसळ तिच्या हाताशी असे. सोमिलने कुत्रीला दोर ठेवायच्या छपरीत बांधले. तो रोज तिच्यासमोर पेजेचे भांडे ठेवी आणि पाठ फिरवून बसे, कारण कुणी पाहत असले की ती खात नसे. नाव त्याने तिला ठेवले नाही. ज्याच्या घरी ती जन्म काढणार तो नाव ठेवील, असे तो म्हणे. तो तिला नुसते ‘बाई’ म्हणे. जवळ जाताना, “हळू, बाई, हळू,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राही.

एका बाजाराच्या दिवशी सोमिल गावात गेला होता. वेशीपाशी कोंबड्यांची झुंज लागली होती. एकाएकी तिथल्या गर्दीने आरोळी केली. पाटलाच्या हातातला वाक गळून पडला. तेवढ्यात छपरीतून लाकूड फुटल्यासारखा आवाज आला. मुसळ घट्ट धरून ती धावली. पाहते तो कुत्रीने छपरीच्या खांबात दात रोवले होते. समोर कुणीही नव्हते. तिच्या तोंडातून फेस गळत होता, सगळे अंग कापत होते आणि पायांखाली मूत सांडले होते. आरोळी विरली तशी तिने खांब सोडला आणि ती जागच्या जागी कोसळली.

पाटला किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. सोमिल परतल्यावर ती त्याला एवढेच म्हणाली, “तिला आरोळी ऐकू देऊ नका.”

थंडी वाढली तशी कुत्रीच्या गळ्याची जखम चिघळली. साखळी काढल्यावाचून ती वाचणार नव्हती. सोमिलने लोहाराकडून छिन्नी आणली आणि तो तिच्यापाशी बसला. साखळी तुटली, पण मांसातून ओढून काढताना कुत्री वेदनेने उलटली आणि तिने त्याचा उजवा हात धरला. पाटलाने मुसळ उगारले.

“मारू नकोस,” सोमिल म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “निघाली साखळी.”

मुसळ खाली येण्याआधीच कुत्रीने हात सोडला आणि ती भिंतीला अंग घासत कोपऱ्यात गेली. सोमिलची दोन बोटे गेली होती. पाटलाने जखमेवर हळद दाबली, फडके बांधले. रडली नाही. रक्ताने भिजलेली ती फडकी शेजाऱ्यांनी पाहिली, आणि भल्लाटला बातमी लागायला वेळ लागला नाही. सोमिलला उठून उभेही राहता येत नव्हते, तोवर दंडनायक दारात आला.

“हाताला काय झालं?” त्याने विचारले.

पाटला पुढे झाली. “विळीवर कापला,” ती म्हणाली. आपण हे का म्हणालो, ते तिलाच कळले नाही.

“विळीनं नाही,” सोमिल म्हणाला. “कुत्री चावली. मीच येणार होतो सांगायला. तिच्या जखमेत माझा हात होता, स्वामी. पण चावली ती खरीच.”

पाटलाने नवऱ्याकडे पाहिले. त्या क्षणी तिला त्या कुत्रीपेक्षा त्याचाच राग आला.

दंडनायकाने छपरीत डोकावून कुत्रीकडे पाहिले. शेवटी तो म्हणाला, “कायद्यानं ती मेली पाहिजे. पण तू लपवलं नाहीस. उद्या सकाळी तिला कुंडाच्या मैदानात आण. लोकांमधून चालवत ने. कुणाच्या अंगावर गेली नाही, तर मेंढपाळ येईपर्यंत राहू दे.”

सकाळी कुंडाभोवती सगळे नगर जमले. खड्डा मातीने भरला होता, पण पायऱ्या तशाच होत्या आणि लोक आपापल्या जुन्या जागी बसले होते. सोमिलने डाव्या हाताला दोर गुंडाळला होता. त्याने पाऊल टाकण्याआधी पाटला एकटीच मैदानात उतरली. कुंडात ती प्रथमच पाय ठेवीत होती.

“मी नंदिकची बहीण,” ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण लोक गप्प झाले. “माझा भाऊ इथं मेला तेव्हा तुम्ही ओरडला होतात. मला घरी ऐकू आलं. आज ओरडू नका. या कुत्रीला तेवढंच शिकवलंय. तुम्ही गप्प राहिलात तर ती काही करणार नाही.”

सोमिल कुत्रीला घेऊन चालू लागला. ती मान खाली घालून, त्याच्या गुडघ्याला अंग लावून चालली होती. बायका पदर सावरून मागे सरत होत्या. मैदानाचा मध्य मागे पडला. एक म्हातारा हळूच म्हणाला, “गरीब दिसते की.”

तेवढ्यात भल्लाट उठला. त्याने हात उंचावला आणि ‘हाऽऽ’ अशी आरोळी ठोकली.

आणि लोकांनी ती उचलली. कुणी ठरवून नव्हे. वर्षानुवर्षांची सवय होती. एकाच्या गळ्यातून निघाली ती दुसऱ्याच्या गळ्यात गेली. पाटलाने कानांवर हात दाबले.

कुत्री जिथून आरोळी आली तिकडे झेपावली. सोमिलच्या हातातून दोर सुटला. तोडक्या उजव्या हाताने त्याला तो धरता येईना. भल्लाट पायरीवरून मागे पडला. त्याच्या आणि कुत्रीच्या मध्ये सोमिलने स्वतःला घातले. कुत्रीचे दात त्याच्या मानेत गेले. त्याने तिला ढकलले नाही. डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तो म्हणाला, “हळू, बाई. हळू.”

लोकांची आरोळी घशातच थिजली. त्या शांततेत कुत्रीने जबडा उघडला. तिने सोमिलकडे पाहिले आणि ती त्याच्या पायांशी पोटावर पडून राहिली. शिपाई भाले घेऊन धावले. “थांबा,” सोमिल म्हणाला. मग पाटलाने त्याचे डोके मांडीवर घेतले.

“तिच्यावर रागावू नकोस,” तो म्हणाला. “त्याच्यावरही नको.” त्याची नजर भल्लाटकडे वळली होती. आणखी काही बोलण्याआधी त्याचा प्राण गेला.

मेलेल्याच्या जवळच्या माणसाने सांगावे ते करायचे, असा त्या राज्यातला नियम होता. दंडनायकाने पाटलाला विचारले, “काय करू, बाई? तुझा शब्द चालेल.”

पाटलाने कुत्रीकडे पाहिले. तिच्या तोंडाला सोमिलचे रक्त होते. मारा, असे म्हणायला पाटलाचे ओठ उघडले. तिला खरोखर तेच म्हणायचे होते. मग तिने मान वर केली. पायऱ्यांवरचे सगळे चेहरे पुढे झुकले होते, तिच्या शब्दाची वाट पाहत होते. आपण तो शब्द उच्चारला की हे लोक काय करतील, ते तिला स्पष्ट दिसले. आणि ती आरोळी तिला आयुष्यात पुन्हा ऐकायची नव्हती.

“घरी जा,” ती लोकांना म्हणाली. “सगळे घरी जा.”

तिने दोर उचलला आणि कुत्रीला घेऊन ती वेशीकडे चालू लागली.

तो हिवाळा तिने एकटीने काढला. सुरुवातीला ती पेजेचे भांडे काठीने पुढे सारी आणि वळून निघून जाई. कधी छपरीच्या दारात उभी राहून कुत्रीला शिव्या देई, कधी तिथेच बसून रडे. कुत्री कोपऱ्यातून पाहत राही. दोर वळायला दुसरे टोक धरणारे कुणी नव्हते, म्हणून पाटला ते छपरीच्या खांबाला बांधी. असे काम चालले असताना एके दुपारी कुत्री येऊन तिच्या पायांपासून हातभर अंतरावर बसली. पाटलाने तिला हाकलले नाही. हात लावायला मात्र तिला आणखी बराच काळ लागला.

थंडी ओसरली आणि मेंढपाळ खाली उतरले. त्यांच्यातल्या एका वृद्ध बाईने कुत्रीचे दात पाहिले, गळ्यावरचा वण चाचपला आणि विचारले, “चावते का?”

“चावते,” पाटला म्हणाली. “माणसं एकदम ओरडली की चावते. हिनं माझ्या नवऱ्याचा जीव घेतलाय. घेणार असाल तर हे माहीत असू द्या.”

म्हातारीने कुत्रीच्या गळ्यावरून हात काढला. “आणि तरी तू हिला सांभाळलीस?”

“त्यांनी सांभाळायला घेतली होती. ते काम पुरं करायचं राहिलं होतं.”

म्हातारीने दोर हातात घेतला. “वर डोंगरात ओरडायला माणसंच नाहीत,” ती म्हणाली. मेंढरांच्या मागून कुत्री चढाची वाट चढू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत पाटला उभी होती. मग ती घरी आली आणि तिने मुसळ उखळाशी नेऊन ठेवले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा आम्रवनातल्या सभेत सांगितली. एकेकाळी राजाचा वधक असलेला एक माणूस भिक्खू झाला होता. त्या सकाळी तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून, दगड मारून त्याला गावाबाहेर घालवले होते. एका थेरीने, म्हणजे वृद्ध भिक्खुणीने, आपल्या पात्रातले अन्न त्याला वाढले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळची कुत्री म्हणजे आजचा हा भिक्खू. पाटला म्हणजे ही थेरी. भल्लाट म्हणजे आज सकाळी पहिला दगड उचलणारा गृहस्थ. आणि दोर वळणारा सोमिल तो मीच होतो.”

सभेतल्या एकाने विचारले, “भंते, आणि पायऱ्यांवरचे लोक?”

शास्त्यांनी सभेवरून नजर फिरवली. “ते सगळे इथे बसले आहेत,” ते म्हणाले.

सभेतल्यांनी माना खाली घातल्या. मग शास्ते म्हणाले, “मारणाऱ्यावर आणि मारायला लावणाऱ्यावरही ज्याचे मन कोपत नाही, त्याच्या त्या बळाला क्षांती म्हणतात. सोमिलला ती मरताना लाभली. पाटलाने ती जिवंतपणी, एकेक दिवस करून मिळवली. त्या दोघांत पाटलाचे काम अधिक कठीण होते.”