प्रजेच्या नावाने

एका राज्यात, ज्याच्या तीन बाजूंना डोंगर होते आणि चौथ्या बाजूने नदी वाहत होती, मणिकेतू नावाचा राजा होता. त्याची धाकटी बहीण कनकवल्ली. आईबाप लवकर गेले, म्हणून भावानेच तिला वाढवले. राजा वाईट नव्हता. प्रजेचे सुखदुःख आपल्याला कळत नाही, एवढीच त्याला खंत होती.

एके दिवशी जुन्या विहिरीचा गाळ उपसताना तांब्याची दोन कुंडले सापडली. राजाने ती कानात घातली आणि त्याला राज्यातला प्रत्येक शब्द ऐकू येऊ लागला. चुलीपाशी बोललेला, शेतात बोललेला, पाळण्यापाशी बोललेला. राजाला आनंद झाला. पण पहिल्याच दिवशी त्याने ऐकले, की गोंदाजी कोष्टी आपल्या बायकोला सांगतो आहे, "घोड्यांसाठी उभे पीक तुडवले, हे राजाने बरे केले नाही."

राजाला राग आला आणि त्याच्या तोंडून नाव निघाले, "गोंदाजी!" त्या क्षणी गोंदाजीची साळुंकी झाली. ती उडत आली आणि राजवाड्याच्या बागेत बसली. कुंडलांना शापच तसा होता. ज्याने ती घातली त्याने चिडून ज्याचे नाव घ्यावे, तो पक्षी व्हावा, आणि माणूस म्हणून बोललेले शेवटचे वाक्य तेवढे त्याच्या चोचीत उरावे.

तीन वर्षांत बागेत सातशे साळुंक्या झाल्या. राजाला प्रत्येक घर ठाऊक होते, प्रत्येक नाव ठाऊक होते. राज्यात कोणी बोलेनासे झाले. बाजारात बोटांनी व्यवहार होई. बाया मुलांना मुक्याने थोपटून निजवीत. बागेत मात्र दिवसभर सातशे वाक्यांचा गलबला चाले, आणि राजा कानांवर हात ठेवून बसे, पण कुंडले काढीत नसे.

कनकवल्लीने भावाला तीनदा विनवले.

पहिल्यांदा तो म्हणाला, "कनका, ऐकू येणे थांबले तर मला भीती वाटते."

दुसऱ्यांदा त्याने नुसते बागेकडे बोट दाखवले.

तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुझे नाव माझ्या जिभेच्या टोकाशी आले आहे. जा."

ती गेली. डोंगराची खिंड ओलांडून पलीकडे सम्राट पवनजिताच्या दरबारी गेली. हा सम्राट मोठा मांत्रिक होता. त्याच्यापाशी चाळीस वारे होते. त्यांना लगाम घातलेले होते आणि ते त्याच्या अंगणात घोड्यांसारखे खूर आपटीत उभे असत.

"माझ्या भावाला सिंहासनावरून उतरवा," ती म्हणाली.

"उतरवीन," सम्राट म्हणाला. "पण परक्या भूमीवर माझी विद्या आपण होऊन चालत नाही. तुला तीन गोष्टी कराव्या लागतील. खिंडीतले दगडी दार फक्त तुमच्या कुळाच्या हाताने उघडते. ते उघड."

तिने जाऊन दारावर हात ठेवला. दार उघडले.

"तुमच्या नदीचे गुप्त नाव मला सांग. ते घेतल्याशिवाय ती माझ्या सैन्याला वाट देणार नाही."

ते नाव आईने मरताना तिच्या कानात सांगितले होते. तिने सांगितले.

"आता प्रजेच्या वतीने मला बोलाव. म्हण, साऱ्या प्रजेचे तुम्हाला बोलावणे आहे."

कनकवल्ली थांबली. तिने कोणालाही विचारले नव्हते. लोक मुके झाले होते, पण हात हलवीत होते, माना हलवीत होते. विचारता आले असते. ते तिच्या मनातच आले नव्हते.

तिने वेगळेच विचारले. "राजवाड्याच्या बागेत साळुंक्या आहेत. त्या माणसे आहेत. तुमचे वारे त्यांना सांभाळतील ना?"

"वाऱ्याला डोळे नसतात, राजकन्ये," सम्राट म्हणाला. त्याने ते लपवले नाही. पुढे ते तिला फार वेळा आठवले.

ती म्हणाली, "साऱ्या प्रजेचे तुम्हाला बोलावणे आहे."

चाळीस वारे खिंडीतून आले. नदीने वाट दिली. राजवाड्याचे महाद्वार एका श्वासात उडाले आणि बागेतली निम्मी झाडे मुळांसकट उपटली गेली. दोन प्रहरांत सारे संपले. पवनजिताने मणिकेतूच्या कानांतली कुंडले उतरवली, आपल्या कानांत घातली, एकदाच रागाने "मणिकेतू" म्हटले, आणि राजाची साळुंकी करून पिंजऱ्यात ठेवली. मग कुंडले काढून पेटीत बंद केली.

आणि लोक बोलू लागले! हेही खरेच सांगितले पाहिजे. आठ दिवस लोक नुसते बोलत होते. म्हाताऱ्या ओट्यांवर बसून भांडल्या, मुले ओरडत धावली. माणसे एकमेकांना नावाने हाका मारीत आणि हसत. कनकवल्लीच्या गळ्यात इतके हार पडले की तिला मान वळवता येईना. पुष्कळांनी तिचे पाय धरले. त्या आठ दिवसांत बागेकडे जायला तिचे मन घेत नव्हते.

नवव्या दिवशी येसू कोष्टीण पदराची ओटी धरून आली. दरबारात येऊन तिने पदर सोडला. आत मेलेली साळुंकी होती.

"हा माझा गोंदाजी," येसू म्हणाली. "मी रोज कुंपणापाशी जाऊन त्याचे ते एक वाक्य ऐकत असे. त्याच्या नेहमीच्या झाडाखाली सापडला. एकशे बारा जण सापडले."

कनकवल्लीने मान खाली घातली. "येसूबाई, मी वारे आणले नसते तर दादाने एकेक करून सगळ्यांचे पक्षी केले असते."

"केले असते."

"मग मी काय करायला हवे होते?"

"ते मला ठाऊक नाही, बाईसाहेब. साऱ्या प्रजेने बोलावले असे तुम्ही म्हणालात म्हणे. सम्राटाच्या दवंडीत तसे होते. मी प्रजाच ना? माझ्या दाराशी कधी आलात? माझा माणूस त्या बागेत आहे, वारे आणू का, असे कधी विचारलेत?"

कनकवल्लीने त्या साळुंकीकडे पाहिले.

"कदाचित मी हो म्हटले असते," येसू म्हणाली. "पण ते मी म्हटले असते." तिने साळुंकी पुन्हा पदरात घेतली आणि ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी पवनजिताने पेटी उघडली आणि कुंडले पुन्हा कानात घातली. "स्थिरस्थावर होईपर्यंत," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध कोण कुजबुजते ते कळायला हवे." त्याला या लोकांची नावे ठाऊक नव्हती, म्हणून त्याने प्रत्येक गल्लीत नाव सांगणारे हेर नेमले. महिन्याभरात बागेत तीस नव्या साळुंक्या आल्या. लोक पुन्हा गप्प झाले. कनकवल्लीला त्याने आपल्या सिंहासनाच्या खालच्या पायरीवर रुप्याचे आसन दिले. ती त्यावर बसे. लोक मुजऱ्याला येत तेव्हा तिच्याकडे बघत नसत, आणि त्यांनी बघावे असे तिलाही वाटत नसे.

एके सकाळी ती त्या आसनावरून उठली आणि वस्तीत गेली. पहिल्या दारी तिने हातांच्या खुणांनी विचारले, "वारे आणण्यापूर्वी मी तुम्हाला विचारायला हवे होते का?" दार बंद झाले.

दुसरे दार हैबती तांबटाचे. त्याचे दोन मुलगे आणि भाऊ बागेत होते. तिघेही वाऱ्यातून वाचले होते. तो बोटांनी सांगू लागला, "मी तर स्वतः बोलावले असते. मी रोज खिंडीकडे डोळे लावून बसत होतो." मग त्याने येसूच्या घराकडे बोट केले. "पण विचारायला हवे होते. येसूच्या दारापुढून जाताना मला मान वर करता येत नाही, आणि मी तर काही केलेलेही नाही."

तिसरे दार येसूचे. कनकवल्लीने खूण केली, "उद्या दुपारी चौकात या. मी खोटे बोलले, ते मोठ्याने सांगणार आहे."

खुणांखुणांनी ते घरोघर पोचले, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौक भरला. पवनजित सज्जात उभा होता. चाळीस वारे लगाम चावीत होते. कनकवल्ली चौथऱ्यावर चढली आणि कित्येक दिवसांत कोणी बोलले नव्हते एवढ्या मोठ्याने बोलली.

"सम्राट, प्रजेने तुम्हाला बोलावले नव्हते. मी कोणाला विचारले नाही. बागेत माणसे आहेत हे ठाऊक असून मी प्रजेचे नाव घेतले. मी खोटे बोलले."

"कनकवल्ली," सम्राट चिडून म्हणाला.

तिच्या बोटांना पिसे फुटली. मनगटे गेली. कोपरांपर्यंत पंख झाले.

तेव्हा गर्दीतून आवाज आला, "मी बोलावले नव्हते!" ती येसू होती. सम्राटाचे लक्ष तिकडे वळले आणि पंख कोपरांशीच थांबले.

"हिचे नाव काय?" सम्राटाने खाली विचारले. सज्जाखालच्या हेराने सभोवती पाहिले. सारा चौक त्याच्याकडे बघत होता. त्याचे तोंड उघडले नाही.

"मी बोलावले असते," हैबती ओरडला, "पण मला कोणी विचारले नाही!"

मग एकेक करीत सारे बोलू लागले. कोणी नाही म्हटले, कोणी हो म्हटले असते असे म्हटले, कोणी नुसतेच रडले. हजारो आवाज पवनजिताच्या कानांत एकदम शिरले, आणि त्याला त्यातले एकही नाव ठाऊक नव्हते. बोलावणे खोटे ठरताच वाऱ्यांचे लगाम गळून पडले. ते डोंगरांवरून निघून गेले. सम्राटाने ओरडत कुंडले ओरबाडून फेकली. ती चौकाच्या फरशीवर पडली. हैबतीने घण मागवला आणि त्या तांब्याचा पत्रा केला, मग पत्र्याचे तुकडे केले.

बागेत फांद्यांवरून माणसे खाली उतरू लागली. पिंजरा मोडून मणिकेतू बाहेर पडला. कनकवल्लीचे हात पुन्हा हात झाले. एकशे बारा जण मात्र मातीत होते. ते उठले नाहीत.

पवनजित आता विद्येविना नुसता एक वयस्क माणूस होता. लोकांनी त्याला खिंडीपर्यंत पोचवले, आणि कनकवल्लीने दार उघडून तो गेल्यावर लावून घेतले. राज्यकारभार लोकांनी निवडलेल्या पाच जणांच्या सभेकडे आला. त्या सभेने मणिकेतूचा न्याय स्वतः केला. नऊ दिवस चौकात बसून लोकांनी त्याच्या तोंडावर सांगितले, काय काय झाले ते. मग त्याला वाऱ्यांनी फोडलेला नदीचा बांध पुन्हा घालण्याच्या कामावर पाठवले. तो दगड वाहू लागला.

कनकवल्ली सभेपुढे उभी राहिली. "मलाही शिक्षा द्या."

सभेत हैबती होता. "तुम्ही नसता तर माझी मुले अजून झाडावर असती," तो म्हणाला. "आणि तुम्ही नसता तर ते एकशे बारा जण मेले नसते. शिक्षा भोगून तुम्हाला मोकळे व्हायचे आहे. ती सोय आमच्यापाशी नाही, बाईसाहेब."

पण एक काम उरले होते. पुरलेल्या साळुंक्यांपैकी कोण कोणत्या घरचे, हे कोठेच लिहिलेले नव्हते. कनकवल्लीने ते काम मागून घेतले. ती दारोदार गेली. काही घरांत तिला पाणी मिळाले, काही घरांत शिव्या. एका म्हाताऱ्याने नाव सांगितले आणि तो माणूस कसा चालत असे तेही चालून दाखवले. ती प्रत्येक नाव दोनदा विचारी, मग लिही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. एकशे अकरा नावे झाली.

शेवटी ती येसूच्या दारी आली. येसू मागावर बसली होती. तिने धोटा थांबवला नाही.

"नाव सांगाल?" कनकवल्लीने विचारले. तिची नजर उंबऱ्यावर होती.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे. तरी विचारते आहे."

धोटा थांबला. येसूने तिच्याकडे पाहिले, आणि नवऱ्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गावाचे नाव, सारे सावकाश सांगितले. कनकवल्लीने ते लिहिले. येसूने तिला बसायला सांगितले नाही. मग धोटा पुन्हा चालू झाला, आणि कनकवल्ली दारातच, लिहिलेले वाळेपर्यंत, उभी राहिली.